वलंदेजाचे धाडस आणि यजमानाचे दार

आमच्याकडे एक समजूत शाळेतल्या पहिल्या इतिहासापासून सभेतल्या शेवटल्या भाषणापर्यंत जशीच्या तशी चालत आली आहे. युरोपातले दर्यावर्दी छातीचे, म्हणून त्यांनी सातासमुद्रापार वसाहती उभ्या केल्या. आपले पूर्वज घरकोंबडे, समुद्राला पाय लागला तर जात बुडेल म्हणून भिणारे, म्हणून ते स्वतःच बुडाले. या वाक्याचा पूर्वार्ध ऐकताना मुलांचे डोळे चमकतात आणि उत्तरार्ध ऐकताना त्यांच्या माना खाली जातात. वर्गात उभा राहून हे मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना शिकवणे हा माझा पोटाचा उद्योग आणि कादंबऱ्या लिहिणे हा नाद. तेव्हा पंडितांनी हा लेख पाहून नाके मुरडली तरी माझी तक्रार नाही. परंतु ही समजूत खोटी आहे आणि मुलांच्या मनाला पांगळे करणारी आहे, हे दिवाळीच्या सणातसुद्धा सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

नुसते तत्त्व सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून या समजुतीचा जो लाडका नायक, तो कप्तानच वाचकांपुढे आणून उभा करतो. हॉलंडच्या लोकांना आपल्या जुन्या कागदांत वलंदेज म्हणत. त्यांतला हा पीटर व्हान डेन ब्रुक. जन्म १५८५ सालचा, अँटवर्पचा. धंदा व्यापाऱ्याचा, पण गलबतांच्या ताफ्याचे म्होरकेपणही त्याच्याकडे असे. तरुणपणी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कांगो-अंगोलापर्यंत त्याच्या फेऱ्या झाल्या. पुढे तो वलंदेजांच्या ईस्ट इंडिया कंपनीत शिरला. १६१४ साली त्याने एडन गाठले, १६१६ साली मोखा आणि सुरत पाहिली. तो पन्नाशीला टेकला असताना फ्रान्स हाल्स या नामांकित चित्रकाराने त्याची तसबीर काढली. ती आज लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. अंगावर कंपनीने बक्षीस दिलेली सोन्याची साखळी आणि चेहऱ्यावर जग पाहून आलेल्या माणसाचा तोरा. धाडसाचा पुतळा उभारायचा तर याहून चांगला नमुना मिळायचा नाही. शिवाय जावा बेटावरच्या ज्या ठाण्यातून बटाव्हिया हे वलंदेजांच्या पूर्वेकडील राज्याचे मुख्य शहर उभे राहिले, ते ठाणे ऐन कसोटीच्या वेळी याच्याच ताब्यात होते.

आणि गंमत अशी की हा कप्तान आमच्या मुलखाचा पाहुणा होऊन गेला आहे. १६१७ च्या पावसाळ्यात त्याची दोन्ही गलबते सुरतेच्या दक्षिणेला, दमणच्या बाजूच्या किनाऱ्यावर लागून फुटली. समुद्राची वाट बंद झाली. कंपनीची दुसरी वखार पार पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला. तेव्हा आपले खलाशी बरोबर घेऊन हा दर्यावर्दी जमिनीवरून चालत निघाला. अख्खी दख्खन आडवी ओलांडायची होती. वाटेत निजामशाहीचा मुलूख लागला आणि त्या मुलखाचा खरा धनी मलिक अंबर याची व त्याची भेट झाली.

या भेटीची हकिकत कप्तानाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. अंबर उंचापुरा, बळकट बांध्याचा, करारी चेहऱ्याचा हबशी होता, असे तो सांगतो. लहानपणी मोख्याच्या बाजारात हा मनुष्य वीस डकाटांना विकला गेला होता, हेही सांगतो. आणि त्याच दमात कबूल करतो की याचा कारभार चोख आहे, चोराला येथे कडक शासन होते आणि वाटसरू सोने घेऊन गेला तरी त्याला भय नाही. वाचकहो, हे कोण लिहितो आहे ते ध्यानात घ्या. ज्याची गलबते फुटली, ज्याच्या हाती तोफ राहिली नाही, असा परका मनुष्य आपल्या लोकांना घेऊन अनोळखी मुलखातून सुखरूप पलीकडे गेला. यात त्याच्या छातीचा भाग आहेच. पण रस्ता राखणाऱ्याचा भाग त्याहून मोठा आहे, आणि तो आमच्या भाषणांत कधी येत नाही.

वसाहत या शब्दाचा साधा अर्थ वस्ती. त्या अर्थाने पाहिले तर त्या दिवशी समोरासमोर आलेल्या दोघांपैकी वसाहतकार कोण होता? वीस डकाटांचा गुलाम. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात खेळवले. नहर-ए-अंबरी म्हणून ती नहर आमच्या गावात कोणालाही ठाऊक आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे आणि मागून स्वतः शहाजीराजे निजामशाहीच्या याच धामधुमीत घडले. त्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, पण गावाचा पाया त्या माणसाने घातलेला आहे. कोणाचे गाव जाळून त्याने तो घातला नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता कप्तानाच्या मागोमाग जावा बेटावर जाऊ. तेथे जकात्रा नावाचे बंदर होते. आजचे जाकार्ता तेच. तिथल्या राजाने १६१० च्या सुमारास वलंदेजांना वखारीपुरती जागा दिली. वखार म्हणजे माल ठेवायची कोठी. पण कोठीभोवती भिंत आली, भिंतीवर तोफा आल्या, आणि १६१८ साली कंपनीचा मुख्य अधिकारी कून याने त्या वखारीचा चक्क किल्ला करायला घेतला. तेव्हा कुठे राजा जागा झाला. लढाई जुंपली. कून आरमार गोळा करायला मलुकू बेटांकडे निघून गेला आणि ठाणे आमच्या या कप्तानाच्या हवाली झाले.

आता धाडसाचा पराक्रम ऐका. जानेवारी १६१९ मध्ये राजाने बोलणी करायला बोलावले, कप्तान किल्ल्याबाहेर पडला आणि पकडला गेला. किल्ला खाली करून देण्याचा करारसुद्धा ठरला. म्हणजे कप्तानाच्या धाडसावर सारे असते तर बटाव्हिया जन्मण्यापूर्वीच संपली असती. ती वाचली ती यजमानांच्या आपसातल्या भांडणाने. जकात्राच्या राजाला किल्ला मिळू नये असे शेजारच्या बँटमच्या कारभाऱ्याला वाटले. इंग्रजांच्या हाती तो जाऊ नये असेही वाटले. त्याने मध्ये पडून करार मोडला, राजाला हुसकून लावले आणि कैद्यांना आपल्या ताब्यात घेतले. हे तिघे एकमेकांच्या उरावर बसले असताना किल्ल्यातल्या शिबंदीने मार्चमध्ये ठाण्याला बटाव्हिया असे नाव ठेवून टाकले. मे महिन्याच्या अखेरीस कून आरमार घेऊन परतला, त्याने जकात्रा जाळून टाकले आणि त्या राखेवर शहर आखले. बँटमला दरडावून कप्तानालाही त्याने सोडवून घेतले.

आता मघाचे वाक्य आठवा. एक गाव डोंगरातून पाणी आणून वसले, दुसरे गाव जाळून वसले. आणि आमच्या बोलण्यात वसाहतीचे संस्थापक, साहसी, युगप्रवर्तक अशी विशेषणे कोणाला लागतात? जाळणाऱ्यांना.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, एका प्रसंगावरून सिद्धान्त काढू नका. ठीक. मग दुसरा प्रसंग देतो, आणि त्यातही नायक हाच ठेवतो, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. सुटका झाल्यावर १६२० साली कंपनीने याच कप्तानाला सुरतेस वखारीचा मुख्य म्हणून धाडले. १६२९ पर्यंत तो तेथे होता. मनुष्य तोच. कंपनी तीच. गलबते तीच. आता तर गाठीला बटाव्हियाचा अनुभव होता. मग सुरतेस एखादी वलंदेजी राजधानी का उभी राहिली नाही? नऊ वर्षांत तेथे त्याने काय केले? माल घेतला, माल विकला, मोगल अधिकाऱ्यांना नजराणे दिले, जकातीवरून हुज्जत घातली. किल्ला बांधू म्हणायची सोय नव्हती, कारण शहराचा धनी भक्कम होता आणि शहराच्या किल्ल्यात त्याची फौज होती. जावा बेटावर ज्याच्या ठाण्याचे साम्राज्य झाले, तोच सुरतेस निमूटपणे व्यापार करून राहिला.

धाडसाने वसाहती होतात असे म्हणणाऱ्यांनी या एका माणसाच्या या दोन चाकऱ्यांचा उलगडा करून दाखवावा. मला तरी एकच उलगडा दिसतो. वसाहत कप्तानाच्या छातीतून निघत नाही. ती यजमानाच्या दाराच्या कडीवर ठरते. दार भक्कम असले तर धाडसी पाहुणा गिऱ्हाईक होऊन राहतो. दार मोडके असले, किंवा घरातलेच दोघे कडी काढायला परस्परांशी स्पर्धा करीत असले, तर भित्रा पाहुणासुद्धा घरमालक होतो.

याला आपल्याच किनाऱ्यावर पुरावे आहेत. १६३७ साली आदिलशाहीच्या परवानगीने वलंदेजांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या गलबतांना तेथून रसद मिळे. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही वेंगुर्ल्यास उभ्या आहेत. पण वेंगुर्ल्याची बटाव्हिया झाली नाही. केरळाकडे १७४१ साली कुळच्चलच्या लढाईत त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने वलंदेजांचा पराभव केला आणि त्यांचा कप्तान डी लानॉय याला धरले. पुढे हाच कप्तान जन्मभर त्रावणकोरच्या फौजेला कवायत शिकवीत राहिला. आता हा कप्तान काय कमी धाडसाचा होता? त्याला वसाहत मिळाली नाही; त्याला नोकरी मिळाली.

राहिली समुद्राच्या भीतीची गोष्ट. धर्मशास्त्राच्या पोथ्यांत समुद्रप्रवासाला बंदी लिहिलेली आहे, हे खरे. पण पोथी वाचणारे किती आणि होडी वल्हवणारे किती, याचा हिशेब आम्ही कधी केला काय? कोकणातला कोळी, भंडारी, गाबीत, दालदी यांनी समुद्रात जाण्याआधी कोणत्या शास्त्रीबोवांना विचारले? समुद्राला भिणारे होते ते घाटावरच्या वाड्यांत, आणि इतिहास लिहायला बसले तेही त्यांच्यातलेच. म्हणून त्यांची भीती साऱ्या मराठी मुलखाच्या माथी लागली. १७२४ साली वलंदेजांचे सात गलबतांचे आरमार विजयदुर्गावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांच्या किल्ल्यावर डोके आपटून परत गेले. १७५४ साली तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने वलंदेजांच्या तीन गलबतांपैकी दोन जाळली आणि तिसरे पकडले. घरकोंबड्यांनी हे कसे केले, हे आमच्या व्याख्यात्यांनी एकदा सांगावे.

कप्तानाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते लपवायचे नाही. वर्ष-वर्ष लाकडी गलबतात सडके पाणी पिऊन, स्कर्व्हीने दात गळत असताना जगाला वळसा घालणारे ते खलाशी खरोखर शूर होते. समुद्रावर त्यांच्या तोफांपुढे मोगल दुबळा होता, हेही कबूल. पण शौर्य निराळे आणि शौर्याचा उपयोग निराळा. त्या शूर खलाशाच्या कष्टाचा पैसा अ‍ॅमस्टरडॅमच्या भागीदारांच्या वहीत जमा होत होता, आणि त्या वहीला धाडसाशी कर्तव्य नव्हते. तिला भाव पाहिजे होता.

तो भाव कशाचा, हे आमच्या मायबहिणींना मी सांगायला नको. या आठवड्यात घरोघर करंजीच्या सारणात आणि श्रीखंडात जे जायफळ किसले जाते, ते त्या काळी सबंध जगात एकाच ठिकाणी पिकत असे: बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. तिथले लोक इंग्रजांना, जावाकडच्या व्यापाऱ्यांना, ज्याचा भाव बरा त्याला जायफळ विकत. कंपनीला हे खपले नाही. १६२१ साली त्याच कूनने बेटे जिंकली. तिथली बहुतेक वस्ती मारली गेली, उपाशी मेली किंवा गुलाम करून बटाव्हियाला नेली गेली. रिकाम्या झालेल्या बागा कंपनीच्या माणसांना वाटून दिल्या आणि तेथे राबायला गुलाम आणले. बटाव्हिया शहरसुद्धा मोठ्या अंशी गुलामांच्या पाठीवर उभे राहिले. त्यांत आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, चोळमंडलातून विकत नेलेली माणसे होती. मोख्यास वीस डकाटांना विकलेल्या पोराने आमच्याकडे शहर बांधले, हे कप्तानाने कौतुकाने लिहिले; त्याच्या कंपनीने मात्र तशा हजारो पोरांना शहर बांधायला लावले आणि त्यांतल्या एकाचेही नाव लिहिले नाही. करंजी जरूर खावी. सणाला तोंड गोड झालेच पाहिजे. पण जायफळाची ही गोष्ट मुलांना सांगताना ‘शूर डच दर्यावर्द्यांनी मसाल्याचा व्यापार सुरू केला’ एवढ्यावर ती थांबवू नये.

दार राखायला शिकलेली माणसे आपल्यात झाली नाहीत असेही नाही. शिवाजीमहाराज कर्नाटकाच्या स्वारीत चोळमंडलाच्या किनाऱ्यापर्यंत गेले, तेव्हा १६७७ साली त्यांनी वलंदेजांना व्यापाराचा कौल दिला. कौलात व्यापाराची मोकळीक आहे. पण पूर्वीच्या अमलात या लोकांना माणसे विकत घेण्याची जी मुभा होती, ती माझ्या राज्यात चालणार नाही, अशी स्पष्ट मनाई त्यात आहे. गुलाम विकत घ्यायला आले तर माझी माणसे अडवतील, असेही बजावले आहे. जगातली मोठमोठी राज्ये माणसांचा बाजार मांडून बसली होती, तेव्हाचा हा कागद आहे. युरोपातल्या एकाही कप्तानाच्या चरित्रात मला असा कागद आढळलेला नाही.

आणि रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे लिहिले आहे ते तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावावे. वलंदेज, इंग्रज, फरासीस हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशी राजे आहेत. यांना मुलखाचा लोभ आहे. म्हणून वखारीला जागा दिलीच तर समुद्रकाठी, खाडीच्या मुखाशी देऊ नये. आत मुलखात, मोठ्या गावांच्या मध्ये द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. जकात्राच्या राजाने नेमकी यातली प्रत्येक चूक केली होती. अमात्यांनी वसाहतवादावर ग्रंथ वाचला नव्हता. त्यांनी वखारीची भिंत कशी चढत जाते ते पाहिले होते. आमचे दुर्दैव एवढेच की शहाणपण लिहून ठेवणारे झाले आणि वाचणारे आपसांत भांडत बसले. साठ वर्षांच्या आत आपल्याच घरचा एक धनी इंग्रजांच्या वखारीत मदत मागायला गेला आणि १७७५ साली सुरतेस कागदावर सही करून बसला. रघुनाथरावाला समुद्राची भीती नडली नव्हती. त्याने आतून कडी काढली होती.

म्हणून माझे मागणे फार थोडे आहे. मुलांना दर्यावर्द्यांच्या गोष्टी सांगू नका, असे मी म्हणत नाही. गलबताची गोष्ट मलाही आवडते. पोटासाठी मी कादंबऱ्या लिहीत नसलो तरी गोष्टीची भूक मला कळते. पण गोष्ट सांगताना गलबत जेथे लागले त्या बंदराच्या धन्याचे नाव सांगा. त्याने जागा कोणत्या अटीवर दिली ते सांगा. त्याच्या शेजाऱ्याशी त्याचे का बिनसले होते ते सांगा. मग मुलांच्या ध्यानात येईल की आपले पूर्वज भेकड म्हणून हरले नाहीत. ते जेथे एक होते आणि जागे होते तेथे हरलेच नाहीत, आणि जेथे हरले तेथे परक्याच्या छातीपेक्षा घरातल्या फुटीने हरले. भेकडपणाचा शिक्का पुसायला मुलांजवळ उपाय नसतो, कारण तो रक्तात आहे असे त्यांना वाटते. फुटीला मात्र उपाय असतो. तो उपाय मुलाच्या हाती देणे, हेच शिक्षकाचे काम.

आणखी एक. जमिनी मागायला येणारे पाहुणे काही इतिहासात संपलेले नाहीत. आता ते गलबतातून उतरत नाहीत आणि टोपीही घालीत नाहीत एवढेच. पाहुण्याचे स्वागत करावे. आपल्या घरात दिवाळीला आलेला मनुष्य फराळ केल्याशिवाय जात नाही आणि जाऊही नये. पण वखारीचा कागद पुढे आला की फराळाचे ताट बाजूला ठेवावे, चष्मा लावावा आणि शेवटल्या ओळीपर्यंत वाचावे.